आप्पाचे बदाम आणि कोगनोळीचा हात

सकाळी साडेअकराची वेळ. ठिकाण कोगनोळी नाका, पुणे-बेंगळुरू हायवे. आमचा फोटोग्राफर आप्पा बॅरिकेडला खांदा टेकून रस्त्यावर बसला होता. त्याचा शर्ट घामानं चिंब झाला होता, आणि आम्ही दोन पत्रकार त्याच्या तोंडात बदाम कोंबत होतो.

बातमी अशीच लिहायची असते. वेळ, ठिकाण, कोण, काय. 'का' आणि 'कसं' ते खाली. पण हे 'का' चार ओळींत बसणारं नाही. आप्पाला शुगर निघाल्यापासून आमच्या बेळगावच्या ऑफिसात किस्से इतके साचलेत, की चहाच्या गाड्यावर कुणी भेटलं की पूर्वी 'सीमाप्रश्नाचं काय' असं विचारायचं, आता 'आप्पाच्या बदामाचं काय' असं विचारतं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून माझं तोंड दुखलं. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो. आप्पा ठणठणीत आहे. मी हे लिहितोय तेव्हा समोरच्या खुर्चीत बसून लेन्स पुसतोय. जीव मुठीत धरून वाचू नका. ते काम आम्ही करून बसलोय.

०

आप्पा बेळगावच्या खासबागचा. घरात वडिलांचे माग. लहानपणी याचं काम एकच, मागापुढं बसून तुटलेला धागा शोधायचा. तीच नजर घेऊन तो फोटोग्राफीत आला. मोर्चात शंभर माणसं एकमेकांवर पडत असली तरी कुणाचा हात कुणाच्या खिशात चाललाय हे आप्पाला लांबून दिसायचं.

एका दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. "अण्णा, लेन्सवर सूत आलंय. पुसलं तरी जाईना."

मी लेन्स बघितली. लख्ख. त्यानं दुसरी लावली. तिच्यावरही सूत. मग कॅमेऱ्यात धूळ गेली असणार म्हणून कॅमेरा दुरुस्तीला. दुरुस्तीवाल्यानं आत काही नाही म्हणून परत दिला, तर आप्पा त्याच्याशी भांडून आला. चार दिवस आमच्या ऑफिसात त्या दुरुस्तीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. त्यात मी पुढं होतो, कारण भांडण म्हटलं की मला विषय लागत नाही.

मग एका रात्री जेवताना आप्पा भातातून केस काढायला लागला. चिमटीत धरायचा, झटकायचा, पुन्हा धरायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं ताट उचललं, दिव्याखाली धरलं आणि म्हणाली, "भातात कायबी न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. सूत लेन्सवर नव्हतं, भातातही नव्हतं. डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर रक्त झिरपलं होतं. रक्त तपासलं तर साखर कुठल्या कुठं गेलेली. कधीपासून, देवाला ठाऊक.

डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, लेझर करू, ते आमच्याकडं. साखर उतरवणं तुमच्याकडं. ती अशीच राहिली तर आज धागा आहे, उद्या डोळ्यांपुढं पडदा असेल.

हेड ऑफिसला कळलं. तिथल्या साहेबांनी मोठ्या प्रेमानं सुचवलं, की आप्पाला आता डेस्कवर घ्यावं, फोटो निवडायला बसवावं. तीन महिन्यांनी रिपोर्ट बघून ठरवू.

आप्पानं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "दुसऱ्यानं काढलेलं फोटो मी निवडू व्हय?"

तो त्याआधी कधी घाबरलेला मी बघितला नव्हता. लाठीमारात नाही, दंगलीत नाही.

०

शुगरच्या डॉक्टरबाई धारवाडकडच्या. मराठी चांगलं बोलतात, पण चिडल्या की कन्नडवर जातात. आप्पाला कन्नड येतं, त्यामुळं सुटका नाही.

त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं. कुंदा, म्हणजे आमची बेळगावची खव्याची मिठाई, बंद. चहातली साखर बंद. भात निम्मा. आणि चार वाजता ऑफिसखालच्या गाड्यावरची मिरची भजी, जी आप्पा वीस वर्षं नेमानं खात आला होता, ती बंद. तिच्या जागी एक छोटी मूठ सुका मेवा. बदाम, अक्रोड, काजू, नाहीतर आपले शेंगदाणे. तळलेले नकोत, खारे नकोत.

"भजीच्या बदली," बाई म्हणाल्या. "भजीच्या जोडीला न्हवे. आणि हे औषध नाही. गोळ्या आहेत तशा घ्यायच्या."

आप्पानं विचारलं, मूठ कुणाची? आणि आपला पंजा टेबलावर ठेवला. त्या पंजात मोठी लेन्स आडवी मावते.

बाई काही बोलायच्या आत वहिनीनं स्वतःची मूठ मिटून त्याच्या पंजाशेजारी ठेवली. "ही," ती म्हणाली.

बाईंनी दोन्ही हातांकडं बघितलं आणि मान डोलावली. निकाल लागला.

आता रोज मोजायचं कशानं? वहिनीनं कपाट उघडलं. आप्पाकडं जुन्या फिल्म रोलच्या काळ्या प्लास्टिकच्या डब्या पोतंभर होत्या. रोल जाऊन जमाना झाला, पण डबी टाकायची त्याची छाती नव्हती. वहिनीनं तिची मूठ डबीत ओतली. काठोकाठ. तेव्हापासून आप्पा गळ्यात कॅमेरा आणि खिशात फिल्म रोल घेऊन फिरतो. नवीन पोरांना वाटतं, म्हातारा अजून रोलवर फोटो काढतोय.

०

महिना गेला. साखर उतरायची सोडून चढली.

डॉक्टरबाईंनी गोळ्या विचारल्या. घेतोय. भजी? बंद. कुंदा? वासही नाही. मेवा? रोज खातोय, डबीभर, वर कुठं गावाला गेलो तर शेंगदाणे. बाईंना कोडं पडलं. मलाही पडलं, कारण मी साक्षीदार होतो. हा माणूस खरंच भजीच्या गाड्यावरून मान खाली घालून जायचा.

बाईंनी पुन्हा विचारलं, शेंगदाणे कसे खाता?

"कसे म्हंजे? खात्यात तसे."

"कशाबरोबर?"

"गुळाबरोबर," आप्पा म्हणाला. "आणि कशाबरोबर खाणार?"

बाई पेन खाली ठेवून कन्नडमध्ये सुरू झाल्या.

पण त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. आमच्याकडं उन्हातून आलेल्या माणसापुढं दाणे, गूळ आणि तांब्याभर पाणी ठेवतात. नुसते दाणे ठेवले तर माणूस विचारेल, आमचं काही चुकलं काय. आप्पाचं काम असं, की खानापूरपासून निपाणीपर्यंत रोज एखाद्या गावात जायचं. कुठं रस्ता उखडलाय, कुठं शाळेचं छप्पर गेलंय. प्रत्येक घरी वाटी यायची. घरी पथ्य एवढं कडक, आणि गावात गेल्यावर डॉक्टरनीच सांगितलेले दाणे समोर! त्याला वाटायचं, आख्खा सीमाभाग मिळून आपला आजार बरा करतोय.

गूळ त्यानं कधी सांगितला नाही, कारण गूळ खाल्ला असं आमच्याकडं कुणी म्हणतच नाही. तो दाण्यासोबत असतो. दाराला कडी असते तसा.

त्या दिवसापासून आप्पा कुठल्याही घरी गेला की वाटीतले चार दाणे वेचून घ्यायचा आणि गुळाचा खडा बाजूला सारायचा. एका म्हातारीला ते लागलं. तिनं विचारलं, "गूळ वाईट लागला व्हय, बाबा?" आप्पानं तिला शुगर म्हणजे काय ते समजावलं. ती सगळं शांतपणे ऐकत बसली. मग म्हणाली, "बरं. मग गूळ खा, साखर खाऊ नको."

०

आता माझ्या संतापाचा विषय.

बेळगावात पत्रकार परिषद झाली की डायसवर पुढाऱ्यांसमोर काजू-बदामाची ताटली असते, आणि खाली आम्हाला चहा-बिस्किट. ती ताटली कुणी खात नाही. खाल्ली तर पुढारी तोंडात घास असताना फोटोत येईल म्हणून भितो. हे मी वर्षानुवर्षं बघतोय, पण आप्पाला मेवा लागल्यापासून ते माझ्या डोळ्यांत सलायला लागलं.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये अशीच परिषद होती. विषय पाण्याच्या योजनेचा. पहिला प्रश्न माझा. मी उभा राहिलो आणि म्हटलं, साहेब, योजनेचं नंतर बोलू. आधी सांगा, ही ताटली कुणासाठी आहे? आमच्यात एक पेशंट आहे, त्याला डॉक्टरनं हेच खायला सांगितलंय, आणि तुम्ही तर हातही लावत नाही.

साहेबांनी पीएकडं बघितलं. पीएनं वेटरकडं बघितलं. वेटरनं छताकडं. 'नाही' असं कुणी म्हणालं नाही, म्हणजे आमच्या धंद्यात ते 'हो' असतं. आप्पा फोटो काढायच्या निमित्तानं पुढं गेला आणि एक बदाम तोंडात टाकला. तोंड वाकडं झालं, पण चारचौघांत थुंकणार कुठं? गिळला.

खाली येऊन माझ्या कानाला लागला. "अण्णा, खवट हाय. आणि ह्यो बदाम मी वळखतोय."

मला वाटलं, साखर डोक्यात गेली. ऑफिसात येऊन त्यानं कॉम्प्युटरवर जुने फोटो उघडले. तोच हॉल, दुसरा पक्ष. तीच ताटली, काठाला पोचा असलेली, आणि अगदी पुढं टोक तुटलेला एक बदाम. त्याच्या आधीचा फोटो, तिसरा पक्ष. तोच पोचा, तोच तुटका बदाम, शेजारी तोच काळा डाग पडलेला काजू. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. हॉटेलवाले परिषद संपली की ताटली झाकून आत नेत, पुढच्या परिषदेला बाहेर काढत. ज्या तीन पक्षांचं आयुष्यात कशावर एकमत झालं नव्हतं, ते तिन्ही एका ताटलीमागं हसत बसले होते.

मी बातमी लिहिली, तीन फोटोंसकट. हेड ऑफिसनं छापली नाही. माझ्या मते ती माझी सगळ्यात पक्की शोधबातमी होती. तुम्हाला सांगतो, पुरावा एवढा भक्कम मला कधी मिळाला नाही.

पण त्या संध्याकाळी मी न भांडता घरी गेलो. नखाएवढ्या बदामाचं तुटकं टोक आप्पाला स्क्रीनवर दिसलं होतं. मला तेवढं पुरे होतं.

०

संभा आमचा निपाणीचा बातमीदार. निपाणी म्हणजे तंबाखू, आणि संभा म्हणजे निपाणी. शाळेपासून त्याची चंची सुटलेली नाही. चंची म्हणजे तंबाखू-चुन्याची कापडी पिशवी, कप्प्याकप्प्यांची. आप्पाची हकिगत ऐकून त्याला एकदम पश्चात्ताप झाला आणि त्यानं जाहीर केलं, की आपणही तंबाखू सोडली. तलफ आली की बदाम चघळायचा.

बदाम ठेवायचे कुठं? चंचीत. तंबाखू काढली, चंची उलटी करून झटकली, बदाम भरले. धुतली नाही. चंची कोण धुतं?

त्याच आठवड्यात आप्पा तंबाखूच्या वखारीचे फोटो काढायला निपाणीला गेला. डबी घरी विसरला. चार वाजले. संभानं मोठ्या मनानं चंची पुढं केली. आप्पानं जन्मात तंबाखू खाल्लेली नाही. पाच-सहा बदाम खाल्ले आणि थोड्या वेळात त्याला उचकी लागली. मग घाम. मग वखार फिरायला लागली आणि तो तंबाखूच्या बोदावर, म्हणजे गाठोड्यावर, आडवा झाला. संभा घाबरून त्याला वारा घालत होता, तोही तंबाखूच्या पानानं!

संध्याकाळी आप्पा सावरला. रात्री वहिनीचा संभाला फोन गेला. ती चढ्या आवाजात कधी बोलत नाही. "भावजी," ती म्हणाली, "तुमी तंबाखू सोडलीसा. तंबाखूनं तुमाला कुठं सोडलंय?"

संभानं चंची धुतली. तीनदा. पाणी अजून पिवळं येत होतं म्हणे.

०

तीन महिने भरत आले होते. आप्पा पथ्यात एवढा मुरला, की आम्हालाच त्याची भीती वाटायला लागली. तो समोर असला की आम्ही कपाटाआड जाऊन पेढा खायचो. एकदा सत्काराचा पेढ्यांचा बॉक्स ऑफिसात आला, तर त्यानं तो उघडायच्या आत शिपायाकरवी शेजारच्या शाळेत पोचवला. कंबरपट्टा दोन भोकं आत गेला होता.

त्या दिवसांत डॉक्टरबाईंनी त्याला एक गोष्ट बजावून सांगितली. तुमचं खाणं आता आवरलंय आणि गोळी तीच आहे. जेवण चुकवू नका. आणि खिशात कायम साखर नाहीतर पेपरमिंट ठेवा. हातपाय कापले, दरदरून घाम आला, तर लगेच गोड खायचं. वाट बघायची नाही.

आप्पा बाहेर आला आणि हसायला लागला. "बाई परीक्षा घ्याय लागल्यात."

मी म्हटलं, कसली परीक्षा?

"अण्णा, ज्या बाईनं मला चार दाण्यांवरचा गूळ सोडाय लावला, ती म्हणालीय खिशात साखर ठेव. मी एवढा खुळा न्हाय."

संभालाही पटलं. पोलीस असंच करतात म्हणाला, माणसाला ढील देऊन बघतात. आणि खरं सांगतो, आम्हा शिकल्यासवरल्या माणसांत एकालाही वेगळं वाटलं नाही. नेत्यांच्या प्रत्येक वाक्यात डाव शोधण्यात आमचं आयुष्य गेलेलं. एखादं माणूस सरळ बोललं तर ते ऐकू येत नाही.

वहिनीनं तरी कॅमेऱ्याच्या बॅगेत चार पेपरमिंट टाकले होते. आप्पाला ते सापडले. त्यानं ते एका रिक्षावाल्याला देऊन टाकले आणि ऑफिसात येऊन ते अभिमानानं सांगितलं. आम्ही त्याची पाठ थोपटली.

०

आता कोगनोळी.

त्या दिवशी बेळगावात मेळावा होता आणि महाराष्ट्रातून नेते येणार होते. असा मेळावा असला की काय होतं हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही माहीत आहे. कोगनोळीला कर्नाटकचे पोलीस बॅरिकेड लावतात. त्यांच्या समोर, कागलच्या बाजूला, महाराष्ट्राचे पोलीस उभे असतात. मधे नेते, घोषणा, झेंडे आणि आम्ही. गोंधळ सुरू झाला की दोन्हीकडचे पोलीस बॅरिकेडच्या दोन्ही अंगांना मिसळून जातात.

आम्ही पहाटेच निघालो. आप्पानं घरी गोळी घेतली. नाष्टा निपाणीत करायचा ठरलं होतं, पण निपाणीच्या अलीकडंच कळलं, की नेते लवकर येतायत. संभाला निपाणीत उचललं आणि गाडी सरळ नाक्यावर. उपाशी. नऊच्या सुमारास आप्पानं डबी उघडून मेवा खाल्ला आणि म्हणाला, झालं माझं जेवण.

साडेअकराला नेत्यांच्या गाड्या दिसल्या. घोषणा सुरू झाल्या. आप्पानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला दिसलं, की लेन्स थरथरतेय. मोठ्या पावसात, मोठ्या गर्दीत या माणसाचा हात कधी हललेला नाही. मग तो बॅरिकेडला टेकला आणि घसरत खाली बसला.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. पडदा.

मी ओरडलो, "आप्पा, दिसतंय का रं?"

त्यानं उत्तर दिलं, पण शब्द लडखडत होते. शर्ट ओला झाला होता. चेहरा पिठासारखा. संभा हात वर करून मला सांगत होता, "अण्णा, आईशप्पथ, आज चंची घरात ठेवलीया. मी कायबी दिलं न्हाय!"

आम्हाला काय सुचणार? तीन महिने एकच औषध बघितलेलं. संभाच्या खिशात बदामाची पुडी होती. आम्ही दोघं आप्पाच्या तोंडात बदाम घालायला लागलो. एक, दोन, चार. त्याला ते चावता येईनात, बाहेर यायला लागले. आम्ही आणखी घातले. जितकी तब्येत बिघडत गेली तितके बदाम वाढत गेले.

गाडी बॅरिकेडच्या आत अडकली होती. संभा पाणी शोधायला पळाला. मी इन्स्पेक्टरला गाठलं आणि गाडी सोडा म्हणून भांडायला लागलो. ते म्हणाले, आता चिटपाखरूही हलणार नाही, मी अँब्युलन्सला सांगतो. मी म्हटलं, अँब्युलन्स येईपर्यंत माणूस जाईल. आवाज चढले. माझी पाठ आप्पाकडं होती. किती वेळ, मला सांगता येणार नाही. भांडताना मला वेळ कळत नाही.

वळून बघितलं तर आप्पाचा जबडा हळूहळू हलत होता. बदाम खाली सांडलेले. ओठांच्या कोपऱ्याला गूळ लागला होता. डोळे उघडे. माझ्याकडं बघत होते, म्हणजे खरंच माझ्याकडं.

अँब्युलन्स आली तोवर तो उठून बसला होता. पहिलं वाक्य काय असेल?

"नेतं गेलं? फोटू कुणी काढला?"

०

डॉक्टरबाई फोनवर बराच वेळ कन्नडमध्ये बोलत होत्या. मग माझ्यासाठी मराठीत बोलल्या. "साखर उतरली होती त्यांची, अहो. खाली, फार खाली. तिथं बदाम घालता? बदामानं साखर सावकाश चढते म्हणूनच तर मी दिले होते!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आप्पाची गोळी निम्मी केली. तीन महिन्यांचा रिपोर्ट आला. बाईंनी तो बघितला, पुन्हा बघितला आणि वहिनीपुढं स्वतःची मूठ धरून तिच्या मुठीला टेकवली. डोळ्याच्या डॉक्टरांनी लेझर केलं होतं, त्यांनी आत बघून सांगितलं, नवीन रक्त नाही, सूत विरत चाललंय. डेस्कचा विषय हेड ऑफिसनं परत काढला नाही. वहिनीनं त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना कुंदा वाटला, आणि आप्पाला डबी दिली. त्याच्या खिशात आता पेपरमिंटही असतात. रिक्षावाल्यांना मिळत नाहीत.

सगळं मिटलं. एक सोडून.

गूळ कुठून आला?

आप्पाला आठवत नाही. कुणीतरी तोंडाशी हात धरला एवढंच म्हणतो. संभा पाण्यामागं होता, मी भांडत होतो. नाक्यावर चहाचा गाडासुद्धा नव्हता, सकाळीच हटवला होता. आम्ही आठवडाभर तर्क केले आणि सोडून दिले.

मग आप्पा कॅमेऱ्यातलं कोगनोळीचं मेमरी कार्ड रिकामं करायला बसला. झेंडे, गाड्या, घोषणा. पुढचे फोटो हललेले, नुसत्या रेघा. आणि सगळ्यात शेवटी एक फोटो, काचेसारखा स्वच्छ. बसल्या जागी, कॅमेरा मांडीवर असताना, सवयीनं बोट दाबलं गेलं असणार. आप्पानं तो मोठा केला आणि मला हाक मारली.

बॅरिकेडच्या दोन पट्ट्यांमधून आलेला एक हात. तळव्यावर गुळाचा खडा, आणि शेजारी साल चोळून काढलेले चार शेंगदाणे. कोपरापर्यंत खाकी बाही.

मी फोटो फोनवर घेऊन आधी कर्नाटकच्या पोलीस साहेबांकडं गेलो. आभार मानायचेत म्हटलं. त्यांनी झूम करून बघितला. "नम्मवरल्ल," ते म्हणाले. आमचा माणूस नव्हे. बंदोबस्तावर असताना कुणी गूळ बाळगत नाही.

मग महाराष्ट्राच्या साहेबांकडं गेलो. त्यांनीही झूम केला. आमचा असता तर बॅरिकेडमधून कशाला, सरळ समोर येऊन दिला असता म्हणाले, आणि फोन परत दिला.

खाकी दोन्हीकडं सारखीच आहे. खांद्यावरचा बिल्ला फ्रेमच्या बाहेर राहिलाय.